सालब मिश्री

उर्दूच्या वर्गात 'सालब मिश्री' हा शब्द आला की मुलं हमखास खडीसाखर समजतात. इथे मिश्री म्हणजे मिस्रची, इजिप्तची. आणि सालब हे अरबी 'सअलब'वरून आलं, म्हणजे कोल्हा. या कंदाचं पूर्ण अरबी नाव मी वर्गात सांगत नाही: कोल्ह्याचे वृषण! जमिनीतल्या जोडकंदाचा आकारच तसा. ग्रीकांनीही तेच पाहिलं आणि 'ऑर्किस' म्हटलं. त्यावरून ऑर्किड झालं. मराठीत आमरी.

हकिमांच्या लेखी सालब ताकदीचं औषध. उस्मानी तुर्कस्तानात त्याची भुकटी दुधात उकळून हिवाळ्यात पीत. इस्तंबूलमध्ये आजही पितात. पण एक किलो भुकटीला हजाराहून जास्त कंद लागतात, आणि ते जंगलातून उपटूनच आणायचे.

मग लागवड का केली नाही? कारण आमरी घाई चालवून घेत नाही. तिच्या एका बोंडात हजारो, कधी लाखो बिया असतात, धुळीसारख्या. बीजाला स्वतःची शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. हे 1899 साली नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाच्या ध्यानात आलं. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बुरशीऐवजी साखर घालून बाटलीत बी रुजवून दाखवलं. तरीही फूल यायला वर्षानुवर्षं लागतातच. त्याआधीच्या शतकात युरोपातल्या शौकिनांना एवढा धीर नव्हता. दक्षिण अमेरिकेत उंच फांद्यांवरच्या ऑर्किडसाठी अख्खी झाडं पाडली गेली.

आमच्या बावधनपासून दापोडी फार लांब नाही. तिथल्या सरकारी बागेचा कारभार 1838 पासून डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होता. कंपनी सरकारसाठी ते औषधी वनस्पती वाढवत. पुढे 1847 मध्ये ते मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. डाल्झेल यांच्यासोबतचा त्यांचा 'बॉम्बे फ्लोरा' 1861 चा. खास आमरींवरचं फादर सांतापाऊ आणि कपाडिया यांचं पुस्तक यायला मात्र 1966 उजाडलं. मला या मंडळींचं मोल वाटतं ते यासाठी, की झाड कुठे उगवतं हे त्यांनी लिहून ठेवलं. नुसतं उपटून नेणारे पुष्कळ होते.

माझ्या बाल्कनीत सीतेची वेणी आहे, रोपवाटिकेतून आणलेली. आसामात हिलाच कोपौ म्हणतात. बिहूत मुली केसांत माळतात. आमच्याकडे तीन वर्षं नुसती पानं. अम्मी विचारते, "कब फूलेगा रे ये?" भाचा म्हणाला, "मामू, ताम्हिणीतून फुललेलीच काढून आणतो ना!" मी त्याला सालबचा हिशेब ऐकवला. त्याला तो फारसा पटलेला दिसला नाही. कुंडीतल्या झाडाला यंदाच्या मे महिन्यात आणखी दोन जाड मुळं सुटली आहेत, टोकाशी हिरवी.