द मर्डर ऑफ द महाराजा

ब्रिटिश लेखक एच. आर. एफ. कीटिंग (१९२६–२०११) यांची १९८० साली प्रसिद्ध झालेली रहस्यकादंबरी. तिला क्राइम रायटर्स असोसिएशनचा गोल्ड डॅगर पुरस्कार मिळाला. १९३० सालातील भोपोर या काल्पनिक संस्थानात महाराजाचा खून होतो. संस्थानाच्या नावावरून भोपाळ आठवते, पण भोपाळचा इतिहास वेगळा आहे. १८१९ ते १९२६ या काळात तिथे मुख्यतः चार बेगमांचा कारभार होता आणि १९३० मध्ये नवाब हमीदुल्ला खान गादीवर होते. त्यामुळे ही कादंबरी भोपाळचे चित्रण म्हणून वाचू नये. इंग्रजी रहस्यकथेतील गावाबाहेरचा सरदारी वाडा इथे राजवाडा झाला आहे, आणि कादंबरीचा खरा विषय माणसांची उतरंड हा आहे.

महाराजाला थट्टेखोर, लहरी रंगवणे हा साम्राज्याचाच चष्मा, असा आक्षेप घेता येतो. तो अर्धाच पटतो, कारण संशय आणि विनोद यांतून राजवाड्यातील गोरे पाहुणेही सुटत नाहीत. शिवाय कथेतील एक शाळामास्तर हे पुढच्या काळातील मुंबईचे मराठी इन्स्पेक्टर गणेश घोटे यांचे वडील असल्याचे शेवटी कळते. घोटे १९६४ च्या ‘द परफेक्ट मर्डर’पासून वाचकांसमोर होते. बड्या लोकांपुढे बिचकणारा, तरी तपास न सोडणारा हा मध्यमवर्गीय अधिकारी कीटिंग यांची सर्वांत मोलाची निर्मिती होय. लेखकाने भारत पाहिला तो घोटेंच्या पहिल्या कादंबरीनंतर सुमारे दहा वर्षांनी. भारत न पाहिल्याची ही उणीव सुरुवातीच्या पुस्तकांतील स्थलवर्णनात जाणवते. घोटेंच्या मनातील दबाव मात्र अस्सल वाटतो.