दोन सर्व्हर, एकच फाइल
गोष्ट १९९६ची, ऑस्ट्रेलियातली. नेट स्लो, आणि फाइलमधली एक ओळ बदलली तरी अख्खी फाइल पुन्हा पाठवायची? अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी त्यावर 'आरसिंक' काढलं. फाइलचे तुकडे करायचे, दोन्हीकडचे चेकसम ताडून बघायचे आणि बदललंय तेवढंच पाठवायचं.

पण बदल झालाय हे कळणार कसं? आरसिंकला दर वेळी सगळे फोल्डर चाळावे लागायचे. २००५मध्ये लिनक्समध्ये 'आयनोटिफाय' आलं. फाइल बदलली की कर्नल स्वतःच सांगू लागला. दोघांची जोडी जमली, की दुसरा सर्व्हर काही सेकंदांत अपडेट!

फक्त एक लक्षात ठेवा: इकडे चुकून डिलीट झालेलं तिकडूनही तितक्याच झटपट उडू शकतं. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. तो वेगळा घ्याच!