डेक्कन कॉलेजची वास्तू : एका दानाची कथा

चामोर्शीजवळ वैनगंगेच्या तीरावर मार्कंड्याची प्राचीन मंदिरे उभी आहेत. ती पाहताना मनात सहज प्रश्न येतो, की ही कोणी बांधली आणि कशासाठी? जुन्या विद्यालयांच्या इमारतींबाबतही हाच प्रश्न विचारावयास हवा. पुण्यातील येरवडा भागातील डेक्कन कॉलेजची वास्तू त्या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

या संस्थेचे मूळ १८२१ सालात सापडते. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्यात येत असे. पेशवाई संपल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्या निधीचा काही भाग शिक्षणाकडे वळविला आणि ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. प्रारंभी ती ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतीच होती. १८५१ साली तिचे पूना कॉलेज झाले, आणि पुढे डेक्कन कॉलेज हे नाव रूढ झाले.

नव्या इमारतीसाठी पारशी दानशूर सर जमशेटजी जिजीभाई यांची एक लाख रुपयांची देणगी लाभली. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. १५ ऑक्टोबर १८६४ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी कोनशिला बसविली. आराखडा कॅप्टन हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. गॉथिक शैलीतील ही दगडी वास्तू पूर्ण होऊन २३ मार्च १८६८ रोजी महाविद्यालय तेथे गेले. टोकदार कमानी व उंच मनोरा पाहून कोणास एखाद्या जुन्या चर्चची आठवण व्हावी! डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी येथे संस्कृत शिकविले. लोकमान्य टिळक, आगरकर आणि इतिहासाचार्य राजवाडे येथे शिकले.

परंतु १९३४ साली काटकसरीच्या नावाखाली सरकारने हे महाविद्यालय बंद केले. वर्ग ओस पडले. तेव्हा माजी विद्यार्थी स्वस्थ बसले नाहीत. बॅ. मुकुंदराव जयकर यांच्यासारख्या मंडळींनी पुढाकार घेतला आणि प्रकरण न्यायालयात गेले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा सरळ होता: शिक्षणासाठी दिलेले दान शिक्षणासाठीच वापरले गेले पाहिजे, सरकार त्याचे मालक नसून विश्वस्त आहे. अखेर १७ ऑगस्ट १९३९ रोजी ही संस्था पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाचे केंद्र म्हणून पुन्हा उघडली.

डॉ. सुमित्र कत्रे हे तिचे संचालक झाले. मानववंशशास्त्राची धुरा डॉ. इरावती कर्वे यांनी वाहिली. पुरातत्त्वाची जबाबदारी आली डॉ. हसमुख सांकलिया यांच्याकडे, आणि येथे आपल्या वाचकांना विशेष वाटावा असा एक धागा आढळतो. सांकलिया हे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातील येशूसंघीय धर्मगुरू फादर हेन्री हेरास यांचे विद्यार्थी होत. स्पेनहून १९२२ साली आलेल्या फादर हेरास यांनी १९२६ साली तेथे भारतीय इतिहास संशोधनाची संस्था स्थापन केली होती. त्यांच्या हाताखाली घडलेल्या शिष्याने पुढे येरवड्यात अभ्यासकांची पिढी घडविली. नेवासे येथील उत्खननाने महाराष्ट्राच्या पूर्वेतिहासावर नवा प्रकाश पडला. १९४८ साली कत्रे यांनी आरंभिलेल्या संस्कृत महाकोशाचे कामही याच परिसरात चालत आले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला. २०२१ साली संस्थेच्या परंपरेस दोनशे वर्षे पूर्ण झाली.

एका हिंदू पाठशाळेस पारशी गृहस्थाचे दान मिळाले, इंग्रज अभियंत्याने तिचा आराखडा काढला आणि स्पॅनिश धर्मगुरूंच्या शिष्याने तिचे नाव जगभर नेले. मात्र १९३४ साली माजी विद्यार्थी गप्प राहिले असते, तर यांतील काहीच शिल्लक उरले नसते. दाता देऊन जातो. ते दान राखणे मागच्यांच्या हाती असते. आपल्या धर्मग्रामांतील शाळा व वसतिगृहेही कोणाकोणाच्या घामाच्या पैशांतून उभी राहिली आहेत. ती कोणी आणि कोणासाठी उभारली, हे आपल्या मुलांना ठाऊक असेल, तरच उद्या त्यांच्या रक्षणास कोणी उभे राहील.