माशाची शेपटी आणि आपण पाठ केलेला बाण

एमएस्सीला माशांच्या शेपट्यांची आकृती तुम्हीही काढली असेल. डावीकडे शार्कची 'हेटेरोसर्कल' शेपटी: कणा वरच्या पाळीत शिरलेला, ती पाळी लांब. उजवीकडे रोहूची 'होमोसर्कल': दोन्ही पाळ्या सारख्या. मध्ये एक बाण. मीही काढला, मार्क मिळाले. पण हा बाण आला कुठून, हे पीएचडीला लागेपर्यंत मी कधी विचारलंच नाही.

सुरुवात लुई अगासी या स्विस शास्त्रज्ञापासून. 1833 ते 1843 या काळात त्याने जीवाश्म माशांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या लक्षात आलं, की जुन्या खडकांतल्या माशांच्या शेपट्या असमान असतात आणि समान शेपट्या नंतरच्या खडकांत दिसू लागतात. त्याचा सहकारी कार्ल फोग्ट तेव्हा माशांच्या भ्रूणांवर काम करत होता. भ्रूणाची शेपटीही आधी असमान, मग समान! दोन्ही क्रम जुळले. गंमत म्हणजे अगासीने यात उत्क्रांती पाहिली नाही, निर्मात्याची योजना पाहिली. 1873 मध्ये वारला तोवर त्याने डार्विनला मान्य केलं नाही.

1859 मध्ये हक्सलीने स्टिकलबॅक माशाची वाढ तपासली आणि दाखवलं, की बाहेरून समान दिसणाऱ्या शेपटीतही कण्याचं टोक वर वळलेलं असतं. शिजवलेल्या रोहूच्या शेपटीवरचं मांस हळूच काढून बघा. शेवटचं हाड वर वाकलेलं दिसेल, आणि पराला आधार देणारी चपटी हाडं त्याच्या खाली पंख्यासारखी पसरलेली.

पुढे 1866 मध्ये हेकेलने सिद्धान्त मांडला, की भ्रूण पूर्वजांचा इतिहास पुन्हा गिरवतो. शेपटीचं उदाहरण त्यात चपखल बसलं आणि बाण पक्का झाला.

आता 2016 मध्ये या. लॉरेन सॅलन या संशोधिकेने स्कॉटलंडमधल्या, साधारण 35 कोटी वर्षांपूर्वीच्या एथेरेटमॉन माशाची पिल्लं अभ्यासली. प्रौढांची नव्हे, पिल्लं! त्यांच्यात एकावर एक अशा दोन वेगळ्या रचना दिसल्या: वर खवल्यांची मांसल शेपटी, खाली स्वतंत्र पर. आजच्या माशांच्या पिल्लांतही असंच दिसतं. फक्त वरची मांसल शेपटी लवकर वाढायची थांबते. सॅलनचं म्हणणं असं, की शार्कसारखी शेपटी हळूहळू समान झाली असं नाही. मुळात दोन शेपट्या होत्या, आणि कोणती किती वाढली यावर आकार ठरला. चतुष्पाद प्राण्यांत उलट झालं: पर गेला, मांसल शेपटी राहिली.

म्हणजे अगासी आणि हक्सली यांची निरीक्षणं चुकली नव्हती. हक्सलीने पाहिलेलं वाकलेलं टोक आजही तिथेच आहे. चुकली ती तुलना. जवळजवळ पावणेदोनशे वर्षं आपण आजच्या पिल्लाची तुलना जुन्या प्रौढाशी करत होतो. पिल्लाशी पिल्लू ताडून बघितल्यावर चित्र बदललं.

तुम्ही पेट किंवा नेटची तयारी करत असाल, तर परीक्षेत बाण काढा, मार्क घालवू नका. पण संशोधनाचा विषय शोधताना वहीतल्या प्रत्येक बाणाला एक प्रश्न विचारा: दोन्ही टोकांना ठेवलेल्या गोष्टींची एकमेकींशी तुलना होऊ शकते का? तुमचा विषय कदाचित त्या उत्तरातच सापडेल.