दाल बाजार, नाट्य मंदिर आणि उशिरा पिकलेली ठेव



आपल्या ग्वाल्हेरच्या आठवणींत महाराज बाडा येतो, सराफा येतो, मेळा येतो. दाल बाजार फारसा येत नाही. बरोबरच आहे म्हणा, धान्याच्या घाऊक पेठेची कोण आठवण काढणार? पोत्यांच्या थप्प्या, हातठेले, पल्लेदारांची आरडाओरड आणि मुनीमजींच्या लाल वह्या. पण याच दाल बाजारात आर्टिस्ट्स कंबाइनचं नाट्य मंदिर आहे. भैयासाहेब भागवतांनी उभ्या केलेल्या या संस्थेनं मराठी आणि हिंदी दोन्ही नाटकं केली. दिवसा डाळीचे भाव आणि संध्याकाळी नाटकाची घंटा, असा शेजार मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

मी बँकेत नोकरी केली, शिक्षण बी.कॉम. त्यामुळे कलेबद्दल अधिकारानं बोलणं माझं काम नाही. पण कलावंतांच्या स्वप्नांचा हिशेब मात्र जवळून पाहिला. आज तोच मांडतो.

सुरुवात मोठ्या माणसांपासून. पंडित विष्णू नारायण भातखंडे मूळचे वकील. ती वकिली सोडून ते संगीताच्या मागे लागले. १९१६ साली बडोद्याला अखिल भारतीय संगीत परिषद भरली, तेव्हाच त्यांच्या मनात होतं की देशात संगीताची एक राष्ट्रीय अकादमी असावी. त्या काळी गवई राजाच्या मर्जीवर जगायचा आणि चिजा घराण्याबाहेर जायच्या नाहीत. अशा वेळी ही कल्पना म्हणजे दिवास्वप्नच. अकादमी लगेच झाली नाही, पण माधवराव महाराज शिंद्यांच्या पाठिंब्यानं १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत महाविद्यालय निघालं. त्यासाठी इथल्या काही गवयांना भातखंड्यांनी मुंबईला बोलावून स्वरलिपी शिकवली. त्यात होते राजाभैया पूछवाले. पुढे ते या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि आयुष्य त्यांनी शिकवण्यात घालवलं.

भातखंडे १९३६ साली गेले. संगीत नाटक अकादमी स्थापन झाली १९५३ साली. १९५६ साली तिचा पुरस्कार राजाभैयांना मिळाला आणि त्याच वर्षी राजाभैयाही गेले. तारखा ओळीनं मांडून बघा. ज्यानं स्वप्न पाहिलं त्याला अकादमी दिसली नाही, आणि ज्याला तिचा मान मिळाला त्याला तो वर्षभरसुद्धा मिरवता आला नाही.

कृष्णराव शंकर पंडितांचं तसं नाही झालं, दीर्घायुष्यानं त्यांना हात दिला. १९१४ साली, ऐन विशीत, त्यांनी ग्वाल्हेरला संगीत विद्यालय काढलं. तेच आजचं शंकर गांधर्व महाविद्यालय. त्यांना पद्मभूषण मिळालं १९७३ साली, म्हणजे ऐंशीच्या घरात. एकोणसाठ वर्षांची मुदत झाली ही! आमच्या बँकेत इतक्या मुदतीची ठेव कुणी ठेवली नसती.

आणि भास्कर रामचंद्र तांबे? ग्वाल्हेर संस्थानाचे राजकवी. १९४१ साली ते इथेच वारले. पुढे लताबाईंच्या आवाजात त्यांच्या कविता महाराष्ट्राच्या घराघरांत गेल्या. आपल्यामागे जग आपल्याला किती आठवेल, यावर त्यांनी स्वतःच कविता लिहून ठेवली होती. तीही लताबाईंनी गायली. रेडिओवर ती लागली की आमच्याकडे कुणीतरी म्हणायचंच, "आपल्या लष्करचे हो!"

आता दाल बाजारकडे येतो. १९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झालं आणि दरबाराचा आधार सुटला. मध्य भारतात निदान इंदूरबरोबर राजधानीचा अर्धा मान तरी होता. १९५६ साली मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. आपल्या वाट्याला आल्या कचेऱ्या, रेव्हेन्यू बोर्ड वगैरे. राजधानी जाते तिच्या मागोमाग अनुदानं आणि मोठी सभागृहं जातात. १९८२ साली भारत भवन उभं राहिलं तेही भोपाळलाच. मग मधल्या काळात इथली कला कोणी सांभाळली? कारकुनांनी, मास्तरांनी, दुकानदारांनी आणि घरचं स्वयंपाकपाणी उरकून तालमीला येणाऱ्या बायकांनी.

आमच्या शाखेत एक क्लार्क होते, नाटकवेडे. कॅश टॅली झाली की सायकल काढून थेट तालमीला. मला अभिनय येत नव्हता, म्हणून त्यांच्या हौशी मंडळींनी हिशेबाची वही माझ्या गळ्यात मारली. खर्चाच्या बाजूला भाड्याचे कपडे, मेकअप, दिवे, चहा. जमेच्या बाजूला तिकिटं आणि वर्गणी. दर नाटकाला तूट यायची, ती आम्ही पगाराच्या दिवशी वाटून घ्यायचो. चहा पिताना ते म्हणायचे, "जोशी, बघाल तुम्ही! बाहेरगावची माणसं ग्वाल्हेरला मुद्दाम नाटक बघायला येतील. इथे कलेचं विद्यापीठ होईल. आणि माझं नाव पेपरात, फोटोसकट!"

विद्यापीठ झालं. राजा मानसिंह तोमरांच्या नावानं, २००८ साली. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं सर्जनशील शहर म्हणून मान दिला. १९२४ पासूनचा तानसेन समारोह ऐकायला बाहेरगावचे लोक येतातच. त्यांच्या स्वप्नातला गावाचा भाग बराचसा खरा झाला. नावाचा भाग राहिला. रिटायर झाल्यावर काही वर्षांतच ते गेले. फोटो पेपरात आला, पण शोकसभेच्या जाहिरातीत.

मला वाटतं, कलावंताच्या प्रत्येक स्वप्नात हे दोन भाग असतात. एक स्वतःच्या नावाचा, दुसरा गावाच्या भरभराटीचा. दुसऱ्या भागाचे हप्ते पहिला भाग कधीच न मिळालेली माणसं भरतात. भातखंडे, राजाभैया, तांबे यांची नावं पुस्तकांत आहेत, त्यांची काळजी नको. पण शहराला संगीताचा मान मिळतो तो चार मोठ्या नावांमुळेच नाही. संध्याकाळी उठून गाणं ऐकायला, नाटक बघायला जाण्याची सवय गावात टिकावी लागते. ती सवय या लोकांनी टिकवली.

बँकेत ठेवीला नॉमिनी लावतात. नाही लावला तर पैसे पडून राहतात आणि वारस हेलपाटे घालतात. या मंडळींच्या ठेवीचे नॉमिनी आपणच. आपली मुलं पुण्या-बंगळुरूला, नातवंडांना मराठी वाचता येत नाही. आपल्यानंतर जुन्या फोटोतला मिशीवाला कोण, नऊवारीतली कोण, हे सांगायला कुणी उरणार नाही.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या नाटकांची हँडबिलं, फोटो, गाण्याच्या वह्या असतील तर या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलनं नावं लिहा, साल लिहा, भूमिका लिहा. आठवत नसेल तर गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. आणि नाट्य मंदिरात पुढचा प्रयोग लागला की तिकीट काढून जा. पास मागू नका!