असेंबल्ड संगणक

असेंबल्ड संगणक म्हणजे प्रक्रियक, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट हे सुटे भाग निरनिराळ्या उत्पादकांकडून घेऊन स्थानिक विक्रेत्याने किंवा स्वतः ग्राहकाने जुळवलेला डेस्कटॉप संगणक होय. एकाच कंपनीच्या नावाने तयार मिळणाऱ्या संगणकास याउलट ब्रँडेड संगणक म्हणतात. कार्यालयीन काम आणि हलके गेमिंग अशा दुहेरी वापरासाठी मर्यादित खर्चात संगणक घेताना असेंबल्ड संगणकाचा पर्याय प्रचलित आहे. जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांत उन्हाळ्यातील तापमान आणि विजेचा दाब यांचाही भागांच्या निवडीवर परिणाम होतो.

वापराचे स्वरूप

महाराष्ट्रात २००१ मध्ये सुरू झालेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे संगणक प्रशिक्षण केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. जळगावमधील डाळ मिल, सुवर्णपेढ्या आणि केळीचा व्यापार यांत हिशेब व देयकांसाठी, तर महाविद्यालयांत प्रोग्रामिंगच्या सरावासाठी संगणक वापरला जातो. हिशेब, मराठी टंकलेखन आणि इंटरनेट या कामांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाची आवश्यकता नसते. घरातील एकाच संगणकावर दिवसा काम आणि रात्री 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारखे खेळ खेळायचे असल्यास मात्र ग्राफिक्स क्षमतेचा विचार करावा लागतो.

भागांची निवड

प्रक्रियक: कमी खर्चाच्या जुळणीत अंगभूत ग्राफिक्स असलेला प्रक्रियक सोयीचा ठरतो. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या एएमडी रायझन ५ ५६००जी या प्रक्रियकात ६ कोअर, १२ थ्रेड आणि रेडिऑन ग्राफिक्स आहेत. इंटेलच्या कोअर मालिकेतील ज्या प्रक्रियकांच्या नावाअखेर 'एफ' हे अक्षर असते, त्यांत अंगभूत ग्राफिक्स नसतात. ते घेतल्यास ग्राफिक्स कार्ड घ्यावेच लागते.

रॅम: अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची स्मृती नसल्याने ते संगणकाची रॅमच वापरतात. त्यामुळे १६ जीबीची एक पट्टी लावण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्यास ड्युअल चॅनल पद्धतीने खेळांचा वेग लक्षणीय वाढतो.

साठवण: साटा एसएसडीचा वाचनवेग सेकंदाला सुमारे ५५० एमबी, तर हार्ड डिस्कचा साधारण १०० ते २०० एमबी असतो. विखुरलेल्या लहान फाइल वाचताना हा फरक कितीतरी वाढतो. म्हणून जुना संगणकही केवळ एसएसडी बसवल्यावर चपळ वाटू लागतो.

तापमान

जळगाव आणि भुसावळ परिसरात मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. पंख्याने थंड होणारा प्रक्रियक खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ७० अंशांवर चालणारा प्रक्रियक तेवढ्याच भाराखाली ४२ अंशांच्या खोलीत सुमारे ८७ अंशांवर जातो. ५६००जीची कमाल मर्यादा ९५ अंश आहे. मर्यादा गाठताच प्रक्रियक आपला वेग आपोआप कमी करतो.

यामुळे समोर जाळी असलेले, हवा आत घेणारा व बाहेर टाकणारा असे किमान दोन पंखे असलेले कॅबिनेट उपयुक्त ठरते. एअर कूलरची दमट हवा थेट कॅबिनेटवर आल्यास आतील धूळ ओलावा धरते आणि भाग गंजतात. उन्हाळ्यापूर्वी धूळ काढणे व आवश्यकतेनुसार थर्मल पेस्ट बदलणे लाभदायक असते.

वीजपुरवठा

स्वस्त कॅबिनेटसोबत येणारा निकृष्ट एसएमपीएस हा अशा जुळणीतील सर्वांत धोक्याचा भाग होय. तो बिघडल्यास मदरबोर्ड आणि एसएसडीही निकामी होऊन साठवलेले हिशेब नष्ट होऊ शकतात. '८० प्लस' हे मानांकन कार्यक्षमता दर्शवते. मात्र त्याची चाचणी सुमारे २३ अंश तापमानात होते. त्यामुळे उष्ण प्रदेशात ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण क्षमता देण्याची उत्पादकाची नोंद तपासणे महत्त्वाचे असते.

अर्थिंग नसलेल्या जोडणीत कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. एसएमपीएसमधील फिल्टरचा अल्प प्रवाह जमिनीत न जाता कॅबिनेटवर येणे, हे याचे नेहमीचे कारण असते. ६०० व्हीएचा यूपीएस सामान्यतः ३६० वॅटपर्यंत भार उचलतो. अंगभूत ग्राफिक्सच्या संगणकास तो पुरतो; मोठे ग्राफिक्स कार्ड असल्यास अधिक क्षमतेचा यूपीएस लागतो.

जुने संगणक

कार्यालयांतून बाद झालेले ब्रँडेड संगणक कमी किमतीत मिळतात. विंडोज १० चे नियमित समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि इंटेलच्या बाबतीत साधारणतः आठव्या किंवा त्यापुढील पिढीचा प्रक्रियक आवश्यक असतो. त्याहून जुन्या संगणकावर लिनक्स वापरता येते. मात्र 'व्हॅलोरंट' लिनक्सवर चालत नाही आणि विंडोजसाठीची अनेक हिशेबाची सॉफ्टवेअरे त्यावर थेट चालत नाहीत.

खरेदी आणि हमी

संगणक व त्याच्या प्रमुख भागांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आकारला जातो. जीएसटी क्रमांक असलेल्या नोंदणीकृत व्यापाऱ्यास व्यवसायासाठी घेतलेल्या संगणकावरील या कराची वजावट नियमांनुसार मिळू शकते. असेंबल्ड संगणकात प्रत्येक भागाची हमी स्वतंत्र व वेगवेगळ्या मुदतीची असते. त्यामुळे पक्क्या बिलावर प्रत्येक भागाचे प्रतिमान व अनुक्रमांक नोंदवून घेणे आवश्यक ठरते.