बारा फोटोंचं लग्न

मागच्या डिसेंबरात दादरला भाचीचं लग्न झालं. सकाळी सातला हॉलवर पोचलो तर एक पोरगा जमिनीवर पालथा पडून नवरीच्या चपलांचे फोटो काढत होता. मग अंगठ्या, मग अत्तराची बाटली, मग मुंडावळ्या, मग पत्रिका. प्रत्येक वस्तूखाली शेला अंथरायचा, दोन झेंडूची फुलं टाकायची आणि खटाखट. मी कुतूहलाने वाकलो तर म्हणाला, "काका, जरा हात मागे घ्या, फ्रेममध्ये येतोय." घेतला. याला 'डिटेल शॉट' म्हणतात हे मला त्या दिवशी कळलं.

घरी आल्यावर आईबाबांच्या लग्नाचा अल्बम काढून बसलो. काळी पानं, मध्ये बटर पेपर, चारही कोपऱ्यांना चिकटवलेले कॉर्नर. लग्न १९६४ सालचं, गिरगावातल्या चाळीच्या चौकात मांडव घालून झालेलं. फोटो बारा.

बाराच का? तर तेव्हाच्या १२० नंबरच्या रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बाराच फोटो निघायचे. रोल बाहेरून यायचा आणि आयातीवर निर्बंध. आपल्याकडे फिल्म व्हावी म्हणून हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी १९६० साली निघाली, उटीला तिचा कारखाना, पण तिचा माल दुकानात यायला अजून अवकाश होता. शिवाय प्रत्येक फोटोला फ्लॅशचा एक बल्ब जळायचा. तो पुन्हा वापरता येत नसे. पोरं ते गरम बल्ब गोळा करायला फोटोग्राफरच्या मागे फिरत, असं आई सांगते. अशा हिशेबात चपलांचा फोटो कोण काढणार! सीमंतपूजन, अंतरपाट, कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, विहिणींची पंगत, दोन्हीकडचे ग्रुप फोटो... रोल संपला.

खरं तर मुंबईला फोटोचं वेड फार लवकर लागलं. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी दोघंही त्या वर्तुळातले, नारायण दाजी तर स्वतः नावाजलेले फोटोग्राफर. पण तेव्हाची काच ओली असतानाच फोटो घ्यायचा, ओली असतानाच धुवायचा. गर्दी, होमाचा धूर, रडणारी पोरं... अशा मांडवात ते जमणं कठीण. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींचे दोन खंड काढले. त्यात माणसं वेगळी टिपलेली आणि मागचा देखावा दुसऱ्या ठिकाणचा आणून जोडलेला. पुढे कितीतरी वर्षं लग्नाचा फोटो म्हणजे लग्न झाल्यावर जोडप्याने स्टुडिओत जाणं: रंगवलेला पडदा, एक खुर्ची, एक फुलदाणी, आणि दोघांचे चेहरे श्राद्धाला बसल्यासारखे. लहान कॅमेरा, रोल आणि फ्लॅश आला तेव्हा कुठे फोटोग्राफर मांडवात शिरला.

आणि तो शिरला तसे बारीकसारीक तपशीलही शिरले, न बोलावता. आमच्या अल्बममधला अंतरपाटाचा फोटो बघा. खाली कोपऱ्यात घंगाळ आहे, त्यात घटिकापात्र तरंगतंय. भोकाचं तांब्याचं भांडं, चोवीस मिनिटांत म्हणजे एका घटकेत भरून बुडतं. भटजी मात्र स्वतःच्या मनगटाकडे बघतायत, कारण मनगटावर घड्याळ आहे! घंगाळ रीत म्हणून, मुहूर्त घड्याळावर.

कन्यादानाच्या फोटोत आईच्या हातात पाटल्या दिसतात, चांगल्या सैल. त्या तिच्या आजीच्या. जानेवारी १९६३ मध्ये मोरारजींचा सुवर्णनियंत्रणाचा नियम आला आणि चौदा कॅरटच्या वरचा नवा दागिना घडवायला बंदी झाली. ती अट १९६६ साली गेली. चौदा कॅरटच्या पाटल्या घालून मुलगी बोहल्यावर उभी करायची नाही, असं आजोबांचं म्हणणं. सरकारचा अख्खा कायदा एका सैल पाटलीत.

लालबागच्या एका मित्राकडे त्याच्या आईवडिलांचा असाच अल्बम आहे. त्यात वरातीमागे चाळीची गच्च भरलेली गॅलरी आणि तिच्यावर गिरणीची चिमणी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर काय झालं ते आपल्याला ठाऊक आहेच. ती चाळही नाही, चिमणीही नाही. तो मुलांना तो फोटो दाखवतो तेव्हा बोट नवरानवरीवर नसतं, चिमणीवर असतं. असो.

आता मूळ गोष्ट. आमच्या अल्बममध्ये मुंडावळ्या बांधतानाचा एक फोटो आहे. बाबा पाटावर, भोवती बायकांचे हात, सगळ्यांच्या हातात कोपरापर्यंत बांगड्या. उजव्या कडेला मात्र एक हात आहे, ताटली धरलेला, आणि त्यात एकही बांगडी नाही. मनगटाच्या पुढे फोटो संपतो.

मी आईला विचारलं. तिने चष्माही लावला नाही. "थोरल्या वन्सं."

थोरली आत्या म्हणजे बाबांची सगळ्यात मोठी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. मुंडावळ्या तिनेच ओवलेल्या, रुखवताचं निम्मं सामान तिच्या हातचं, मांडवातला स्वयंपाकही तिच्याच देखरेखीखाली. तिचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

अल्बमच्या मागच्या खिशात पिवळं पाकीट होतं, त्यात निगेटिव्ह. दादरला जाऊन स्कॅन करून आणल्या. निगेटिव्ह चौकोनी आणि अल्बममधला फोटो उभा, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. म्हणजे फोटो मोठा करताना कडा कापलेल्या. पडद्यावर आख्खा चौकोन उघडला आणि त्या हातामागे आत्या उभी. दाराला टेकलेली, डोक्यावरून पदर, ताटली पुढे केलेली, भावाकडे बघून चक्क हसतेय. दात दिसतायत. मी तिला इतकं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

मला स्टुडिओवाल्याचा भयंकर राग आला. आईजवळ बोललो तर ती म्हणाली, "त्याला कशाला बोलतोस? आधी छोट्या प्रिंटा आल्या होत्या. मोठ्या करायला द्यायला वन्संच गेल्या. कडेचं काढून टाका, असं त्यांनीच सांगितलं त्याला. मला आल्यावर म्हणाल्या, शुभकार्यात माझं तोंड कशाला."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"बावीस वर्षांची होते मी. घरात येऊन महिना झाला होता."

भाचीचे फोटो आले परवा, पेन ड्राइव्हवर, तीन हजारांच्या वर. चपलांचे चौदा आहेत. सुंदर आहेत, नाही म्हणत नाही. मुंडावळ्यांचेही आहेत, शेल्यावर ठेवलेल्या. त्या कोणी ओवल्या ते मी बहिणीला विचारलं. तिला आठवेना; बहुतेक रानडे रोडवरून आणल्या, म्हणाली.

आत्याचा पूर्ण फोटो मी छापून आणला, चौकोनी, कडांसकट. अल्बममध्ये लावू का म्हणून आईला विचारलं. तिने बराच वेळ हातात धरला.

"त्यांना विचारायला हवं होतं रे," म्हणाली, आणि तिच्या कपाटाच्या खणात, पाटल्यांच्या डबीखाली ठेवून दिला.